पंगतीचा धनी

भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागावं, नदीनाका मागे टाकून कामवारी ओलांडावी, की शेलार आलंच. जनगणनेच्या तक्त्यात याला शहर म्हणून मोजलेलं, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. यंत्रमागाचे गाळे, सायझिंग-डाइंगचे कारखाने, टेम्पोंची रांग आणि या सगळ्यातून मधेच डोकावणारं एखादं जुनं कौलारू घर. मागांचा खडखडाट इतका अंगात मुरलेला, की वीज जाऊन तो थांबला तरच झोपलेल्याला जाग यावी.

अशा गावात माणूस गेल्याची बातमी आधी मोबाइलवर येते आणि लगोलग नाक्यावर फ्लेक्स लागतो. फोटो बहुधा कुणाच्या तरी हळदीतला किंवा लग्नातला, कारण घरच्या कर्त्या पुरुषाचा धड फोटो तेवढाच असतो. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. खाली दशक्रिया आणि उत्तरकार्याच्या तारखा, प्रवचनाला येणाऱ्या महाराजांचं नाव, मग ‘शोकाकुल’ म्हणून मुलगे, भाऊ, पुतणे, नातू आणि मित्रमंडळ. मधोमध तीन शब्द ठरलेले: परोपकारी, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर ते टाइप करून ठेवलेलेच असतात.

तयार असले म्हणून ते खोटे असतात असं नव्हे. त्या शब्दांचा अर्थ गावात प्रत्येकाला नेमका ठाऊक असतो. परोपकारी म्हणजे रात्री दोन वाजता दार वाजलं तर ‘कोण रे?’ विचारायच्या आधी गाडीची किल्ली हातात घेणारा आणि पेशंटला ठाण्याच्या सिव्हिलला नेऊन तिथेच बाकड्यावर पहाट काढणारा. मनमिळाऊ म्हणजे बांधाच्या भांडणात दोन्ही भावांनी ज्याच्या ओसरीवर यावं असा. कुटुंबवत्सल हा शब्द तर फारच मोठा. त्यात स्वतःची मुलं येतात, वारलेल्या भावाची येतात, शिकायला ठेवलेला भाचा येतो आणि गावाकडून कामाच्या शोधात आलेला, ‘चार दिवस राहतो’ म्हणून चार वर्षं राहिलेला दूरचा नातेवाईकही येतो. अशा घरात भाताचं पातेलं माणसं मोजून चढत नाही. कोण येईल कोण जाणे, या हिशेबानं चढतं.

मराठी मुलखातल्या छोट्या गावांनी हा माणूस पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. वार लावून जेवण्याची रीत त्याच्याच भरवशावर चालली. गरीब विद्यार्थ्यानं सात घरं धरायची, सोमवार एकाकडे, मंगळवार दुसऱ्याकडे. एखादं घर सुटलं की त्या दिवशी उपास. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरही कितीतरी पोरं या सात घरांच्या जोरावर वकील झाली, मास्तर झाली. त्यांच्या आठवणींत घरधन्याचं नाव येतं, आडनाव येतं, कधी त्याचा तापट स्वभावही येतो. वाढणारी मात्र बहुतेक ‘त्या माउली’ एवढ्यावरच भागवली जाते.

या माणसाचं पूर्ण चित्र पाहायचं तर वऱ्हाडात जावं लागतं, अमरावतीला. कारण तिथल्या अशा एका गृहस्थानं स्वतःच रोजनिशा लिहून ठेवल्या, मुलानं त्याचं चरित्र लिहिलं आणि तो ज्या दारी गेला तिथल्या भक्तांनीही त्याची नोंद केली. एवढा पुरावा मागे ठेवणारा यजमान विरळा.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४चा. वडील गरिबीतून वर येऊन सरकारी नोकरीत मामलेदार झालेले. गणेशराव मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, कायद्याची पदवी घेतली, काही वर्षं वऱ्हाडात सरकारी हुद्द्यावर काढली आणि मग नोकरी सोडून अमरावतीत वकिली थाटली. त्या काळी अमरावती म्हणजे कापसाची मोठी पेठ, पण मनानं गावच. वकिली अशी चालली की हां हां म्हणता गणेशरावांचे दादासाहेब झाले आणि लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नबाब’ म्हणू लागले.

नबाबी होती ती घराच्या दाराला. वाड्यात नात्यागोत्याची, आश्रितांची कुटुंबं नांदत. पक्षकार येत, कीर्तनकार येत, नाटकवाले येत, देशकार्याला निघालेले तरुण येत आणि जेवणवेळेला जो ओसरीवर असेल तो पंगतीला बसे. पन्नासेक पानं उठणं ही त्या घरची सणासुदीची गोष्ट नव्हती, रोजचीच होती. तबेल्यात घोडे, गोठ्यात गाईम्हशी, आणि बैठकीत दादासाहेबांच्या गप्पा. माणूस मोठा विनोदी, हजरजबाबी. सभेत समोरच्याला हसवत हसवत गारद करायचा. १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं तेव्हा स्वागताध्यक्ष तेच. १९०५ साली मुंबईत पहिलं मराठी नाट्यसंमेलन झालं त्याचेही अध्यक्ष तेच. गावातल्या वकिलानं नाटकवाल्यांच्या संमेलनाचं अध्यक्ष व्हावं याचं त्या वेळी कुणाला नवल वाटलं नसेल. वऱ्हाडात आलेल्या किती नाटक मंडळ्या त्यांच्या घरी जेवून गेल्या असतील, याचा हिशेब त्यांनाही ठाऊक नसावा.

आणि मग मैत्रीची परीक्षा आली. जून १९०८मध्ये लोकमान्य टिळकांना अटक झाली, जुलैत सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दादासाहेब टिळकांचे जिवाभावाचे. शिक्षेविरुद्ध विलायतेत दाद मागायची तर तिथे कुणीतरी जाऊन बसायला हवं होतं. चौपन्नाला टेकलेला हा गृहस्थ महिन्याच्या आत वकिली, वाडा, पंगत सगळं सोडून ऑगस्टमध्ये बोटीवर चढला. तिकडे दोन वर्षं गेली. खटपट करून हाती फारसं लागलं नाही. १९१०मध्ये परतताना ब्रह्मदेशाच्या वाटेनं आले ते मंडालेच्या तुरुंगात टिळकांना भेटूनच.

मैत्रीची ही गोष्ट सांगताना बोट सुटते आणि आपणही तिच्याबरोबर जातो. जरा मागे राहून वाड्याकडे पाहिलं तर काय दिसतं? वकिलाची मिळकत म्हणजे रोज कोर्टात उभं राहणं. तो दोन वर्षं समुद्रापार, म्हणजे मिळकतही समुद्रापार. वाड्यातली कुटुंबं मात्र वाड्यातच. गाईम्हशींना चारा लागतोच, आश्रितांना दोन वेळा भूक लागतेच, पाहुण्याला ‘मालक विलायतेत आहेत, उद्या या’ म्हणून परत पाठवण्याची रीत त्या घरी नव्हती. ही दोन वर्षं ज्या बाईनं काढली तिचं नाव लक्ष्मीबाई खापर्डे, दादासाहेबांची पत्नी.

त्यांची रोजनिशी नाही. त्यांचं चरित्र नाही. दादासाहेबांच्या दैनंदिनीच्या वह्या दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून ठेवल्या आहेत. कोण आलं, कोण गेलं, काय बोलणं झालं, सगळं त्यांत. पण अमुक दिवशी तांदूळ कुठून आणले आणि कुणाच्या शब्दावर आणले, हे लिहिणारी वही त्या वाड्यात असलीच तर ती लक्ष्मीबाईंच्या डोक्यात असणार.

तरी नशीब असं, की त्यांच्या हातचं एक ताट छापील पुस्तकात उतरलं. विलायतेहून परतल्यावर दादासाहेब शिर्डीला साईबाबांकडे जाऊ लागले. डिसेंबर १९११मध्ये गेले ते मार्च १९१२पर्यंत तिथेच राहिले. लक्ष्मीबाई त्याहून जास्त, सात महिने राहिल्या. गोविंद रघुनाथ दाभोळकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त, सत्ताविसाव्या अध्यायात, त्या दिवसांतला एक प्रसंग आहे. दुपारी लक्ष्मीबाई मशिदीत नैवेद्य घेऊन आल्या. ताटात सांजा, शिरा, पुऱ्या, भात, वरण, खीर असं सगळं साग्रसंगीत. साईबाबांपुढे अशी ताटं रोज येत आणि बराच वेळ तशीच पडून राहत. त्या दिवशी बाबा उठले, स्वतःच्या हातानं ताटावरचं झाकण दूर केलं आणि जेवायला लागले. शामा नावाचा त्यांचा लाडका भक्त होता. त्याला राहवेना. बाकीच्यांच्या ताटांकडे ढुंकून पाहत नाही आणि या बाईच्या ताटावर हा जीव का, असा त्यानं थेट सवाल केला. बाबांनी तिच्या मागल्या जन्मांची साखळी सांगितली. त्यातली पहिली कडी अशी, की ही एका वाण्याची भरपूर दूध देणारी गाय होती.

श्रद्धावंत ही गोष्ट पुनर्जन्माची म्हणून वाचतात, तसं वाचणाऱ्यांनी खुशाल वाचावं. पण जन्मभर पन्नास पानं वाढणाऱ्या बाईबद्दल कुणीतरी भर मशिदीत, चारचौघांदेखत, ‘हिनं फार दूध दिलं आहे’ एवढं म्हणावं, हेही त्या गोष्टीत आहेच. आणि त्याच अध्यायात दादासाहेबांबद्दल काय आहे? सभा गाजवणारा हा वक्ता मशिदीत मात्र तोंड मिटून बसे. बुटी, नूलकर आणि खापर्डे, ही तीन माणसं तिथे कधी बोलली नाहीत, असं दाभोळकर सांगतात. वाड्यावर बोलणारे ते आणि वाढणाऱ्या त्या. शिर्डीत ते गप्प राहिले तेव्हा कुठे लक्ष्मीबाईंचं ताट दिसलं.

त्याच पुस्तकात सातव्या अध्यायात आणखी एकदा त्या दिसतात. मुलाला ताप भरला, प्लेगच्या गाठी आल्या. आई घाबरली, अमरावतीला परत निघायची परवानगी मागायला संध्याकाळी बाबांकडे गेली. मुलगा बरा झाला, असं पुस्तक सांगतं. कुटुंबवत्सल हा शब्द पुरुषाच्या फ्लेक्सवर शोभतो, पण तो शब्द प्रत्यक्षात जगायची वेळ आली की अशी संध्याकाळ कुणाच्या वाट्याला येते, ते घरोघरी सगळ्यांना माहीत आहे.

दादासाहेबांचं औदार्य यानं उणं होत नाही. घर उघडं ठेवायला जिगर लागते, आणि ज्या काळात पंक्तिप्रपंच हा शिष्टाचार होता त्या काळात माणसं गोळा करून बसवायला जास्तच लागते. कमावलेलं साठवून ठेवलं असतं तर चार पिढ्या बसून खातील एवढं होतं. त्यांनी ते जेवू घातलं, देशकार्यात घातलं, मित्रासाठी घातलं. १ जुलै १९३८ रोजी ते गेले. प्रश्न एवढाच, की दानाची पावती फाडताना दोन नावं असायला हवी होती आणि लिहिणाऱ्यानं एकच लिहिलं.

साताऱ्याकडे मात्र ती चूक बऱ्याच अंशी टळली, आणि योगायोग असा की त्या बाईंचंही नाव लक्ष्मीबाईच.

कर्मवीर भाऊराव पाटील ओगल्यांच्या कंदिलांची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांनी शाळेबाहेर राहिलेली पोरं पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला बिऱ्हाड हलवून धनिणीच्या बागेत वसतिगृह चालू केलं. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सगळी पोरं एका छपराखाली आणि एका पंगतीत. २५ फेब्रुवारी १९२७ला गांधीजी येऊन गेले आणि त्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. भाऊराव पोरांचे ‘अण्णा’ झाले होते आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ‘वहिनी’.

वहिनी खात्यापित्या जैन घरातल्या, सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. अंगावर भरपूर सोनं घेऊन सासरी आलेल्या. अण्णा देणग्या गोळा करायला बाहेर पडत तेव्हा वसतिगृह त्यांच्या भरवशावर. देणगी येईल तेव्हा येईल, चूल आज पेटायची असते. एकेक दागिना सराफाकडे गेला. मग एक दिवस असा उजाडला की धान्याचा कण नाही, अण्णा गावात नाहीत, आणि पोरं ताटं घेऊन बसलेली. वहिनींनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि त्या दिवसाचं जेवण झालं. ही हकीकत रयतेच्या शाळांत शिकलेल्या प्रत्येक पिढीला सांगितली जाते. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र मोडणं म्हणजे काय, हे त्या काळच्या बाईला विचारायला हवं. एका पंगतीसाठी तिनं सौभाग्याची खूण मोडली, तीही ज्यांच्या सावलीचा विटाळ मानायला तिला लहानपणी शिकवलं होतं त्या पोरांसाठी.

वहिनी १९३०मध्ये गेल्या. अण्णा त्यानंतर एकोणतीस वर्षं जगले. संस्था गावोगाव पसरली, पद्मभूषण मिळालं, ९ मे १९५९ला ते गेले. पण रयतेत अण्णांची गोष्ट वहिनींना वगळून कुणी सांगत नाही. सोलापुरात संस्थेचं महिला महाविद्यालय आहे, त्याला लक्ष्मीबाई भाऊराव पाटील असं पूर्ण नाव आहे. अमरावतीत आजही पत्ता सांगताना लोक ‘खापर्डे बगीचा’ म्हणतात. त्या नावात दादासाहेब आहेत, लक्ष्मीबाई ऐकणाऱ्यानं आपल्या मनानं धरायच्या.

हे सगळं आठवत पुन्हा शेलारच्या नाक्यावर यावं. इथली पंगत वेगळी आहे. भिवंडीत माग चालवणारे हात उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, तेलंगणातून आलेले. बारा-बारा तासांची पाळी, गाळ्यातच झोप, आणि जेवण भिसीत. बाकी महाराष्ट्रात भिशी म्हटलं की बायकांचा दरमहा पैसे काढायचा फड आठवतो. भिवंडीत भिसी म्हणजे मागवाल्या कामगारांची खाणावळ. रोख देऊन जेवणारे थोडे, पगार झाला की हिशेब चुकता करणारे जास्त. वही बहुधा पुरुषाच्या हातात असते. पीठ कितीदा मळलं याची वही नसते.

मार्च २०२०मध्ये करोनाच्या टाळेबंदीत देश बंद झाला आणि भिवंडीचे माग एका रात्रीत गप्प झाले. पगार थांबला, पगार थांबला म्हणून भिसी थांबली. मेच्या सुरुवातीला भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरकडे श्रमिक रेल्वे सुटली तोवरचे पाच-सहा आठवडे हजारो माणसांनी कसे काढले, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मंडळांनी, मशिदींनी, संस्थांनी अन्न वाटलं, त्याचे फोटो निघाले. तसंच कुठल्या तरी घरातून रोज दहा-वीस भाकऱ्या जास्त थापून गाळ्यावर पोचत होत्या. त्यांचा फोटो निघाला नाही, कारण भाकरी थापणारीचे दोन्ही हात पिठात होते.

भिवंडीनं माणसामाणसांतल्या अशा ओळखीची किंमत त्याआधीही पाहिली आहे. १९७० आणि १९८४च्या दंगलींत हे गाव होरपळलं. १९८८मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतल्या साध्या, घरसंसार असलेल्या माणसांवर त्यांचा भर होता. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. फ्लेक्सवरच्या ‘मनमिळाऊ’ या गुळगुळीत शब्दाला एवढं वजन असू शकतं, याचा तो दाखला. त्या समितीतल्या माणसाच्या दारी दोन्ही बाजूंचे लोक येऊन बसत, तेव्हा आतून चहा येत होता. मोहल्ला समितीच्या अभ्यासात हा चहा धरलेला नाही.

आता शेलारात कौलारू घरं कमी झाली, ओसऱ्या गेल्या, वर मजले चढले. दार उघडं ठेवणारा माणूस मात्र संपलेला नाही. कुणी गाळ्यावरच्या पोराचं आधार कार्ड काढून देतो, कुणी गल्लीतल्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशासाठी रजा टाकून धावपळ करतो, कुणी शेजारच्या म्हातारीची औषधं महिन्याच्या महिन्याला आणतो आणि पैसे घ्यायचं ‘विसरतो’. तो गेला की गाव हळहळतं आणि मन लावून फ्लेक्स लावतं. लावायलाच हवा.

फक्त छापायला देताना घरात एकदा डोकावून विचारावं: वाढत कोण होतं? ती हयात असेल तर तिला विचारूनच, आणि तिच्याआधी गेली असेल तर तिच्याही फोटोसह, ते नाव त्याच्या नावाशेजारी घालावं, त्याच आकाराच्या अक्षरात. फ्लेक्सचा दर चौरस फुटावर असतो. एक नाव जास्त टाकलं म्हणून तो वाढत नाही.